तळहाताचा पट्टा

रंगाचे दोन हात देताना मधे दहा मिनिटं थांबावं लागतं. पहिल्या हातातलं थिनर उडून जाऊ द्यायचं, मगच दुसरा द्यायचा. तीन महिन्यांच्या त्या अख्ख्या प्रशिक्षणात मला सगळ्यात जड काय गेलं असेल तर ही दहा मिनिटं नुसतं उभं राहणं. मी रंग फवारायची गन खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे, रंगवायच्या बूथच्या काचेतून बाहेरच्या घड्याळाकडे मान वळवायचे. डोक्यात घरची अर्धी राहिलेली धानाची रोवणी असायची, संध्याकाळची एसटी असायची. आमचे सर एकदा म्हणाले, "ताई, तुम्ही डोळे वटारले म्हणून रंग लवकर वाळत नसतो." सगळे हसले. मीही हसले, पण मनातून मला राग आला होता. मला राग फार लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मी एकोडीची सून. नवऱ्याचं गावात वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, खिडक्या, धान साठवायच्या कोठ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असं सगळं तो जोडतो आणि मी रंगवते. दहा वर्षं मी ब्रशने रंगवत होते आणि आपल्याला रंगवता येतं अशा समजुतीत खुशाल होते. मग एका राईस मिलवाल्याने आमच्याकडून करून नेलेलं धान ओतायचं मोठं नरसाळं वर्षाच्या आत परत आणून दुकानासमोर उतरवलं. रंगाचे हातभर लांब पापुद्रे सुटले होते. चार माणसं जमलेली बघून तो म्हणाला, "वेल्डिंगले तोड नाही भाऊ, पण रंग मात्र बाईनं मारल्यावानी हाय."

त्या एका वाक्यापायी मी भंडाऱ्याला जाऊन रंग आणि पृष्ठलेपन तंत्राच्या वर्गात नाव घातलं. नवऱ्याने विचारलं, "तुले झेपन का?" मी म्हटलं, "न झेपायला काय झालं?" आम्ही बाराजण होतो. त्यात बाया दोनच, मी आणि लाखांदूरकडची एक वीसेक वर्षांची मुलगी. ती मला ताई म्हणायची आणि माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता संपवायची.

पहिल्या आठवड्यातच कळलं की आमचे पापुद्रे का सुटले होते. आम्ही वेल्डिंग झालं की वरवरची धूळ झटकून थेट रंग लावत होतो. इथे वहीच्या पानाएवढे पोलादी पत्रे दिले होते. एकेक पत्रा पॉलिश पेपरने घासायचा, थिनरच्या फडक्याने तेलकटपणा काढायचा, मग चिकट फडक्याने बारीक धूळ टिपून घ्यायची, आणि त्यानंतर बूथमध्ये न्यायचा. सर म्हणायचे, रंग हा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग आहे. मला ते पटायचं, पण घासत बसायचं म्हटलं की माझ्या अंगाला मुंग्या यायच्या. कधी एकदा हातात गन येते असं व्हायचं.

गनसाठी लागणारी हवा कॉम्प्रेसरमधून यायची आणि तो सांभाळायला एक काका होते. साठीच्या आसपासचे, तुमसर तालुक्यातल्या बपेऱ्याचे. तीस वर्षं त्यांनी घरं, देवळं, शाळा रंगवल्या होत्या. गुडघे गेले, परांचीवर चढणं जमेना, म्हणून हे काम धरलं होतं. दर तासाला टाकीखालची तोटी उघडून आत जमलेलं पाणी आणि तेल सोडून द्यायचं, हे त्यांचं मुख्य काम. ते सोडलं नाही तर तेच हवेबरोबर गनमधून रंगात येतं. काका ते काम इतकं मन लावून करायचे की तोटीखाली ठेवलेली डबडीसुद्धा पुसून ठेवायचे. मी गन मनगटातून फिरवते हे सरांच्या आधी त्यांनीच पकडलं होतं. "बाई, मनगट नोको हालवू. खांद्यातून हात ने, सारवल्यावानी," ते म्हणाले, आणि माझा रंग त्या दिवसापासून एकसारखा बसू लागला.

शेवटच्या परीक्षेत दोन पत्रे रंगवायचे होते आणि दोन्ही निर्दोष निघाले तरच पास. भंडाऱ्याच्या बाहेर भातगिरणीची यंत्रं बनवणारा एक कारखाना आहे. त्यांना रंगखात्यात दोन माणसं हवी होती, आणि ती ते आमच्याच तुकडीतून, परीक्षेच्या दिवशीच निवडणार होते. दोनातली एक जागा माझी, असं मी ठरवूनच टाकलं होतं. ठरवून गप्प बसले असते तर एक वेळ ठीक होतं. मी ते गावभर सांगितलं होतं आणि त्या नरसाळंवाल्याच्या कानावर जाईल अशा बेताने त्याच्या मिलसमोरच्या पानठेल्यावरही सांगितलं होतं.

आणि नेमका तेव्हाच माझा रंग फुटायला लागला.

फुटायला म्हणजे असं, की गन फिरवून झाली, ओला रंग काचेसारखा दिसतोय, आणि बघता बघता त्यात ज्वारीच्या दाण्याएवढे गोल खड्डे उमलतात. मधोमध खालचा पत्रा दिसतो, भोवती रंगाची कड. याला फिश-आय म्हणतात, माशाचा डोळा. खाली कुठेतरी तेलाचा अंश असला की रंग तिथून मागे सरतो आणि डोळा पडतो. इतरांच्या पत्र्यावर कधीतरी एखादा पडायचा, पावसाळी हवेत ते चालायचंच. माझ्या पत्र्यावर मात्र डझनांनी पडत होते. सोमवारी पडले, मंगळवारी पडले. सरांनी गन खोलून धुतली, थिनर बदललं, मला समोर उभं करून पत्रा घासायला लावला. घासण्यात काही चूक सापडली नाही. रंगवला, की पुन्हा डोळे.

मला झोप येईना, अन्न गोड लागेना. बसमध्ये बसलं तरी पाय हलत राहायचे. शेजारच्या बाईने एकदा गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "काहून वं, कोनी बिमार हाय का घरी?"

घरी कुणी आजारी नव्हतं. घरी रोवणी चालू होती. पहाटे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात उतरायचं, आठपर्यंत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं रोवायची, मग आंघोळ करून बस गाठायची, असं माझं दोन आठवडे चाललं होतं. रात्रंदिवस चिखलात असल्यासारखे हात झाले होते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, तळव्यांना भेगा. त्यावर आमच्याकडे टोरीचं तेल लावतात, मोहाच्या बियांचं. घट्ट असतं, एकदा लावलं की साबणालाही दाद देत नाही. मी त्याची बाटली पिशवीतच ठेवायचे आणि बसमध्ये हाताला चोळायचे. दुपारी डबा खाऊन झाला की पुन्हा चोळायचे. बूथमध्ये रबरी हातमोजे घालायचा नियम होता, पण आत घाम आला की भेगा अशा चुरचुरायच्या की डोळ्यांत पाणी यायचं. सरांना हात दाखवले तेव्हा त्यांनाच कसंतरी झालं. "बरं, चार दिवस राहू द्या," ते म्हणाले.

हे सगळं मी आता एका दमात सांगते आहे, म्हणून वाचणाऱ्याला लगेच समजेल. मला तेव्हा समजलं नाही. मला कॉम्प्रेसर दिसत होता.

माझी पाळी जेवणाच्या सुट्टीनंतर पहिली असायची. मी हिशेब लावला की सुट्टीत कॉम्प्रेसर चालूच असतो, काका जेवायला बसतात, तोटी उघडायची राहते, टाकीत तेलपाणी साचतं आणि पहिल्या पाळीच्या, म्हणजे माझ्या, पत्र्यावर येतं. इतका चोख हिशेब की मलाच माझं कौतुक वाटलं. बुधवारी पुन्हा डोळे पडले तेव्हा मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "सर, हवेत तेल आहे. सुट्टीत तोटी कोणी सोडत नाही."

काका तिथेच उभे होते. "सोडतो न बाई," ते म्हणाले. "जेवाच्या आधी सोडतो, जेवून सोडतो."

"मग हे डोळे कुठून आले, काका? आभाळातून?"

सरांनी पांढरा कागद घेऊन त्यावर हवा मारून बघितली. कागदावर तेलाचा एक अंधुक ठिपका उमटला. कॉम्प्रेसर जुना होता, तेवढा ठिपका कुठल्याही जुन्या कॉम्प्रेसरचा उमटतो हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी तो कागद काकांना दाखवला. हो, मीच दाखवला, सरांनी नाही. काका कागदाकडे बघत राहिले.

गुरुवारपासून काकांना गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. परीक्षा सोमवारी होती, म्हणून मधल्या दिवसांत बूथ बंद ठेवून मेकॅनिककडून कॉम्प्रेसर साफ करून घेतला आणि आमची नुसती उजळणी चालू राहिली. मी खूश होते. खोटं कशाला बोलू? गेटमधून जाताना काकांकडे बघायचं टाळत होते, पण खूश होते.

शनिवारी दुपारी आम्ही डबे उघडून बसलो. लाखांदूरच्या मुलीने घरून स्टीलची ताटली आणली होती. मी तिला भात वाढायला ताटली हातात घेतली. ती खळखळून हसली.

"ताई, आत्ताच धुवून आणलेली ताटली हाय. कायले पुसता?"

"कुठे पुसली?"

"आत्ता पुसली न! रोजच पुसता. हाताच्या तळव्यानं."

आमचं घर भातगिरणीला लागून आहे. दिवसभर कोंड्याची बारीक धूळ उडत असते आणि घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांवरही बसते. त्यामुळे आमच्या गल्लीत कुठल्याही घरी ताट हातात घेतलं की बाई आधी त्यावर तळवा फिरवते आणि मगच वाढते. सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच जेवणाला हे शिकवलं होतं. आता मला ते करताना कळतही नाही, जशी पापणी लवते तसा तळवा फिरतो.

मी ताटली उन्हाकडे तिरपी केली. चकचकीत स्टीलवर डावीकडून उजवीकडे वर चढत गेलेला एक मळकट, तेलकट पट्टा होता. चार बोटं रुंद. मी तो पट्टा ओळखला. माझ्या सगळ्या पत्र्यांवर डोळे असेच तिरपे, डावीकडून उजवीकडे, चार बोटांच्या रुंदीत पडत होते. घासून, पुसून, टिपून झालेला पत्रा बूथमध्ये टांगला की गन उचलायच्या आधी मी त्यावर तळवा फिरवत होते. सर समोर उभे असतानाही फिरवला असणार. त्यांनाही ते दिसलं नसणार, कारण त्यांच्या घरच्या बायाही कुठल्यातरी ताटावर तसाच हात फिरवत असतील.

मी डबा बंद केला. मुलगी विचारत राहिली काय झालं म्हणून. मी भूक नाही एवढंच म्हटलं.

सुटल्यावर मी थेट गेटकडे निघाले. काका स्टुलावर बसून चष्मा नाकाच्या टोकावर आणून एका टेम्पोचा नंबर लिहीत होते. एकेक आकडा कोरून काढल्यासारखा. मी समोर जाऊन उभी राहिले आणि तोंड उघडलं. तेवढ्यात काकांनीच वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"बाई, धाव. तुही एसटी सुटून राहिली."

मी धावले. एसटी काही सुटत नव्हती, ती सुटायला पाच-सात मिनिटं होती. पण धावत असतानाच माझ्या डोक्याने मला सगळं समजावून दिलं. आत्ता सांगितलं तर सर विचारणार, हातमोजे का नव्हते? कारखानेवाल्यांच्या कानावर जाणार. सोमवारी परीक्षा होऊ दे, पास होऊ दे, मग पहिलं काम हेच. दोन दिवसांनी असा काय फरक पडतो?

रविवार कसा गेला ते विचारू नका. आमची रोवणी आदल्याच दिवशी संपली होती, त्यामुळे हाताला काम नव्हतं. मी एक गेट घासायला घेतलं आणि अर्धं टाकलं. धुतलेलीच भांडी पुन्हा घासली. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "बस न वं एका जागी, मलेच चक्कर येऊन राहिली." मी बसले आणि पुन्हा उठले. तेलाची बाटली मात्र हातात धरली नाही, भेगा चुरचुरत राहिल्या तरी.

सोमवारी कारखान्यातून एक साहेब आले होते. भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे. माझी पाळी आली. भेगांवर पट्ट्या चिकटवून मी दोन्ही हातमोजे घातले, पत्रा घासला, पुसला, टिपला, बूथमध्ये टांगला आणि गन उचलेपर्यंत उजवा हात मागे कमरेवर घट्ट धरून ठेवला. पहिला हात दिला. दहा मिनिटं थांबले. माझ्या आयुष्यातली ती पहिली दहा मिनिटं, जी संपू नयेत असं मला वाटत होतं. दुसरा हात दिला. एकही डोळा नाही. पत्र्यात माझं तोंड दिसत होतं.

सर पुढे आले, त्यांनी पत्रा साहेबांना दाखवला आणि सगळ्या तुकडीला उद्देशून म्हणाले, "बघितलंत? गेल्या आठवड्यात याच ताईंचा एकही पत्रा धड निघत नव्हता. हवेवरचा माणूस बदलला आणि फरक बघा. पेंटशॉपमध्ये एका माणसाच्या निष्काळजीपणाने असं होतं. लिहून घ्या."

आणि पोरांनी खरंच वह्या काढल्या. लिहायला लागले.

मी काही थोर बाई नाही. त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की एक पत्रा झाला, आता एकच राहिला. पण पोरं लिहीत होती. माझ्या चकचकीत पत्र्यावरून काका निष्काळजी ठरत होते, आणि ही मुलं ते वहीत घेऊन जिल्हाभर जाणार होती. लाखांदूरची मुलगीही लिहीत होती.

मी दुसरा पत्रा घेतला. घासला, पुसला, टिपला. टांगला. मग उजव्या हाताचा मोजा काढला, पट्ट्या सोडवल्या, पिशवीतून बाटली काढून टोरीचं तेल हाताला चोळलं आणि साबणाने हात धुतला, रोज धुवायचे तसा. परत येऊन पत्र्याच्या डाव्या अर्ध्यावर तळवा फिरवला. उजव्या अर्ध्याला हात लावला नाही.

"ताई, हे काय करता आहात?" सर म्हणाले.

"बघा," मी म्हटलं, आणि गन उचलली.

डावीकडे डोळे उमलले. तिरपे, चार बोटांच्या रुंदीत, एकामागून एक. उजवा अर्धा काचेसारखा राहिला. मी म्हटलं, "सर, हवेत काही नव्हतं. हे माझ्या हाताचं आहे. काकांचं नाही. त्यांनी वहीतलं खोडावं." खरं तर मला म्हणायचं होतं की पोरांनी खोडावं, पण माझी जीभ अडखळत होती.

कारखान्याच्या साहेबांनी पत्रा हातात घेऊन बघितला, मान हलवली आणि पुढच्याचं नाव विचारलं. नियम तो नियम, दोन पत्र्यांतला एक खराब म्हणजे नापास. दोन जागांपैकी एक लाखांदूरच्या मुलीला मिळाली आणि ती माझ्या गळ्यात पडून रडली, जसं काही तिनेच माझी जागा घेतली होती. मी पुढच्या तुकडीत पुन्हा बसून पास झाले. आता दुकानात गन आहे, कॉम्प्रेसर आहे, आणि तो नरसाळंवाला रंगासाठी माझ्याकडेच येतो. त्याला मी दोन दिवस उगाच ताटकळत ठेवते.

पण त्या सोमवारी सरांनी काकांना गेटवरून बोलावून आणलं. सरांनी स्वतः त्यांची माफी मागितली, उद्यापासून बूथवरच या म्हणाले. काकांनी तोवर वाळलेला पत्रा घेतला आणि उजेडाकडे तिरपा धरून कितीतरी वेळ बघितला. डाव्या अर्ध्यावरून बोट फिरवलं, उजव्यावरून फिरवलं.

मी हात जोडले. "काका, माझी चूक. मला शनिवारीच समजलं होतं. गेटवर सांगायलाच आले होते."

त्यांनी पत्रा खाली ठेवला. "शनवारीच समजलं होतं?"

मी मान डोलावली.

"तवाच सांगतलं असतं त बरं झालं असतं, बाई," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, माझ्यावर चिडलेही नाहीत. "म्या इतवारी घरचे समदे बुरुश गावातल्या पोराले देऊन टाकले. तीस वर्साचे होते. म्हटलं, आता आपल्या हाताचा भरोसा नाही राह्यला."

"मग परत मागून आणा ना, काका. मी येते तुमच्याबरोबर. मी सांगते त्याला."

"देल्लेलं कसं मागाचं?" ते म्हणाले, आणि कॉम्प्रेसरच्या तोटीखालची डबडी रिकामी करायला वाकले.